एका सिग्नलच्या दोन दुरुस्त्या

लिफ्ट बंद पडली नसती, तर अँप्लिफायरचं ते धूड जिन्यात एका टोकाला सलिलने आणि दुसऱ्या टोकाला ऋजुताने धरलंच नसतं. तो बनवणारा, ती तपासणारी. पुढे महिनाभर तिने ते धूड नेमाने नापास केलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यांमध्ये प्रेमं यापेक्षाही वाईट रीतीने सुरू झालेली आहेत.

धुडाच्या पोटात मायक्रोवेव्हची व्हॅक्यूम ट्यूब होती. जोर लावला की ती सिग्नल वाकडा करी. म्हणून सलिलने अलीकडे एक छोटं सर्किट बसवलं : सिग्नल आधीच उलट्या बाजूला वाकवायचा, म्हणजे ट्यूबमधून सरळ बाहेर पडतो. आज शेवटची चाचणी. नापास झाली, तर काम बंद आणि सलिलची रवानगी नाशिकच्या शाखेत.

ट्यूब तापत होती. दोघांचे साहेब रवींद्र सर चष्मा पुसत होते. ऋजुताचा हात बटणावर, आणि सलिलची नजर... त्या हातावर.

पडद्यावर मूळ सिग्नलच्या दोन उंच रेघा उमटल्या. शेजारी, न बोलावलेल्या पाहुण्यांसारख्या, काही बुटक्या. वाकडेपणाची खूण. त्या वाढतच गेल्या.

"काल तर बऱ्या होत्या," सर म्हणाले.

ऋजुताने बटणावरचा हात मागे घेतला. "सर... सकाळी मी सर्किटचा स्क्रू थोडा फिरवलेला. तापल्यावर बिघडत होतं. तसं लिहिलं असतं तर हा..." सलिलकडे न बघता ती म्हणाली, "हा गेला असता."

सलिल पांढराफटक पडला. "मी पण... कॉम्प्युटरवरून तेवढंच बदललेलं. हिला परत नापास लिहायला लागू नये म्हणून. लिहिताना हिचा चेहरा उतरतो, सर."

सर पुसलेला चष्माच पुसत राहिले.

एकच दुरुस्ती दोनदा झाली होती. सलिलने कॉम्प्युटरमधले आपले आकडे मागे घेतले. तिचा स्क्रू तसाच ठेवला. बुटक्या रेघा खाली... आणखी खाली... दिसेनाशा झाल्या. "पास," म्हणून सर निघून गेले. दार त्यांनी जरा जास्तच हळू लावलं.

"मला नाशिकला जायचंच नव्हतं... म्हणजे आमच्या ठाकुर्लीहून तसं लांबच—" सलिल म्हणाला.

"सरळ बोल. माझ्याकडे काही वाकत नाही."

"तू आवडतेस मला."

तिने बटण बंद केलं. "रविवारी डोंबिवलीला ये, घरी. पण आमचे अण्णा सांगितलेलं सगळं वाकडंच घेतात. बाप आहे, बदलता येत नाही. त्यांच्याशी आधीच उलटं वाकवून बोलावं लागतं."

"मग काय म्हणू? मुलगी पसंत नाही?"

"तू गप्प बस. मुलगा पसंत नाही, असं मी कालच सांगून ठेवलंय. दुरुस्ती एकाचीच राहू दे."