नुसते बघणारे

ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून. काम फेरतपासणीचं होतं. सर्व्हे करणाऱ्या बायका घरोघर फिरून फॉर्म भरून आणत, आणि ते खरंच लोकांच्या दारात उभं राहून भरलेत की घरी पंख्याखाली पाय पसरून, हे हा जाऊन बघायचा. अठ्ठावीस वर्षांत साबण झाला, टूथपेस्ट झाली, गुडघेदुखीचं मलम झालं. यंदा विषय होता सोशल मीडिया. कोण वापरतं, वय काय, दिवसाचे किती तास, स्वतः काही लिहितं-टाकतं की नुसतं बघतं.

"कोण कुणाच्या ताटात डोकावतं ते मोजायचे दिवस आले," तो ऑफिसच्या प्रमुख मॅडमना म्हणाला होता. मॅडम हसल्या नव्हत्या.

सोमवारी त्याच मॅडमनी मावशींचा गठ्ठा त्याच्या टेबलावर आदळला. मावशी म्हणजे सर्व्हेच्या बायकांतल्या सगळ्यांत जुन्या. चाळीस फॉर्म, आणि त्यातल्या अकरांत एकच चूक. 'घरात राहणारी माणसं' यापुढे जो आकडा, त्यापेक्षा 'वापरणारी माणसं' एकाने जास्त. राहणारी दोन, वापरणारी तीन. राहणारी चार, वापरणारी पाच. जास्तीचं माणूस अकराही घरांत 'नुसतं बघणारं'.

"अहो, दोन-दोनदा विचारलं मी त्यांना," मावशी रडकुंडीला आल्या होत्या. "ते म्हणाले तेच लिहिलं. माझ्या मनचं घालू का आता?"

"घातलंयतच की," शंकासुर म्हणाला, आणि गठ्ठा चाळायला लागला.

सातव्या फॉर्मवर त्याचं बोट अडकलं. दातांची डॉक्टर, वय चौतीस. राहणारी तीन, वापरणारी चार. खाली लिहिलेला फोन नंबर त्याला पाठ होता. त्याने तो फॉर्म गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

ती त्याची मुलगी. तिने आपल्या पसंतीने लग्न ठरवलं तेव्हा हा गृहस्थ भरल्या घरात, चार माणसांसमोर म्हणाला होता, "यापुढे तुझं तोंड बघणार नाही." आणि मग काय केलं? गुलाबाचं चित्र लावून एक खोटं खातं उघडलं आणि सहा वर्षं रोज सकाळी दात घासायच्या आधी तिचं तोंड तेवढं बघितलं. तिचा दवाखाना बघितला, घराची हिरवी बाल्कनी बघितली, नातीचा पहिला दात बघितला. कधी एक अंगठा दाबला नाही. शाब्बास! बायको याच दुःखात गेली, तरी पठ्ठ्याचा ताठा काही गेला नाही. आता मात्र पत्ता हातात होता, आणि वर ऑफिसचं काम. कुणी म्हणणार नव्हतं की बाप वाकला. तिने नुसतं 'आत या' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती इतकी मोठी होती की रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्या घरी गेला. निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. खोली स्वच्छ, खिडकीत औषधांच्या बाटल्या ओळीने लावलेल्या.

"घरात माणसं?"

"दोन."

"सोशल मीडिया वापरणारी?"

"तीन," पोस्टमास्तर म्हणाले.

"मास्तर, दोघांत तीन कसे बसतात?"

म्हातारीने नवऱ्याकडे बघितलं. "आमचा मुलगा हो. दुसऱ्या गावी असतो. चार वर्षांत आला नाही, फोन नाही. पण आम्ही फोटो टाकला की पहिल्यांदा तोच बघतो."

"मग तो तिकडच्या घरात मोजायचा."

"तिकडे कसा मोजाल? इथेच तर बसतो." तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला. खुर्ची रिकामी होती. "आत्ता उठला तुमची बेल ऐकून. हात लावून बघा, हवं तर."

शंकासुराने हात लावला तो निव्वळ त्या बाईला खोटं पाडायला. उशी मधोमध दबलेली होती आणि चांगली गरम होती. ऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलं होतं. म्हातारा-म्हातारी दोघंही त्याच्याकडे काळजीने बघत होती, की हा आता काय लिहितो. त्याने काहीच लिहिलं नाही.

जिना उतरताना त्याने स्वतःची समजूत घातली. मास्तरच बसले असतील. म्हातारपणी माणसं काहीही धरून बसतात.

दुसऱ्या घरात शिवणकाम करणारी एक बाई एकटी राहत होती. राहणारी एक, वापरणारी दोन. मशीन न थांबवता ती म्हणाली, "बहीण आहे. नऊ वर्षं अबोला. माझं सगळं बघते मात्र."

"कुठे असते?"

बाईने नुसती मान वळवली. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. भरदुपारी आत अंधार केलेला, आणि भिंतीवर फिकट उजेड सरकत होता, खालून वर, खालून वर. हातातल्या फोनवर बोट फिरवलं की सरकतो तसा. कुणीतरी नाकाने सावकाश श्वास घेत होतं.

तो दोन पावलं पुढे झाला.

"नका हो," बाई हलकेच म्हणाली. "तिच्याकडे बघितलेलं तिला चालत नाही."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भांडायची तेव्हा वाटायची." तिने दातांनी दोरा तोडला. "आता निदान आहे तरी."

बाहेर आल्यावर शंकासुर बराच वेळ फुटपाथवर उभा राहिला. शहाणा माणूस असता तर तिथून घरी गेला असता. पण गठ्ठ्याच्या तळाचा फॉर्म राहिला होता, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे जायला त्याच्यापाशी कारण होतं.

हिरवी बाल्कनी त्याने लांबूनच ओळखली. दारापाशी त्याने केस सारखे केले, बेल दाबली. काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं. चुकलो मी. एवढंच.

दार तिनेच उघडलं. फोटोत दिसायची त्यापेक्षा थकलेली होती, कानापाशी एक केस पांढरा. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचल्यासारखं केलं.

"बोला ना काका."

काका! पोटची पोर त्याला काका म्हणाली. चुकलो मी, हे शब्द घशापर्यंत आले, पण जिभेला अठ्ठावीस वर्षांची सवय. जीभच म्हणाली, "घरात राहणारी माणसं?"

"मागे मावशींना सांगितलंय की. तिघं. मी, नवरा, छोटी."

"आणि वापरणारी चार. चौथं कोण?"

तिचा चेहरा उजळला. "माझे बाबा."

आतून छोटीचा आवाज आला. "आजोबा, हे बघा माझं चित्र! बघा ना, इकडे बघा."

"मीच मेसेज केला होता त्यांना," ती आवाज खाली आणून म्हणाली. "आई गेली तेव्हा. बाबा, काही बोलू नका, नुसते येऊन बसा. उत्तर आलं नाही. आणि एक दिवस बघते तर येऊन बसलेले. तसे बोलत नाहीत अजून. पण आले."

तो मेसेज त्याने वाचला होता. वाचून फोन उलटा ठेवला होता.

"अगं, मीच," तो म्हणाला. "मी आहे तुझा बाबा. माझ्याकडे नीट बघ."

ती एक पाऊल मागे सरली. हात कडीवर गेला. "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

आतून कुणीतरी खाकरलं. सकाळी उठल्यावर तो खाकरतो तसं, दोनदा आखूड, एकदा लांब.

शंका ज्याच्याबद्दल, त्याची सही घ्यायची, असा तपासणीचा नियम. मघाच्या दोन घरांत त्याने तो गिळला होता. आतल्याला सही जमायची नाही, आता एवढीच आशा उरली. त्याने फॉर्म पुढे केला. "त्यांची सही लागेल."

ती फॉर्म आणि पेन घेऊन आत गेली. तो उंबऱ्याबाहेर थांबला. आत या, असं तिने म्हटलं नव्हतं.

ती परत आली. सही त्याची होती. शेवटच्या अक्षराचं शेपूट, खालच्या दोन टिंबांसकट.

खाली तपासनिसाची चौकट होती. त्याने पेन टेकवला. अक्षर भलतीकडेच गेलं. या दोन सह्या तपासायला आल्या असत्या तर त्याने स्वतःच खालची खोटी ठरवली असती.

"झालं ना मग?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तो बंद दारासमोर उभा राहिला. आणि मग, अखेर, सगळा ताठा गळून पडला. लहानपणी तो तिला ठमी म्हणायचा. त्याने दारावर दोन्ही हात टेकले, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

तोंडातून आवाज निघाला नाही.

"ठमे!" आतून त्याचाच आवाज आला.

भांडं ठेवल्याचा आवाज झाला. कुणीतरी धावलं.

"ओ, बाबा!"