दोन दारांमधली मोटार

वेणीमाधवचं वागणं भागीबाईंना साफ नापसंत होतं. वैर धरायचं तर माणसानं नीट वैर धरावं. समोर आलं की तोंड फिरवावं, पाठ वळली की चार शब्द बोलावेत. हा मुलगा रोज सकाळी समोरच्या दारातून बाहेर यायचा आणि विचारायचा, "काकू, गुडघा कसा आहे आज?" आता शत्रूच गुडघ्याची चौकशी करायला लागला, तर बाईमाणसानं शिव्या द्यायच्या तरी कुठून सुरू करून?

भांडण मोटारीचं होतं. पंचवटीत, गंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत, भागीबाईंचं घर आणि ढुंढिराजभटजींचं घर समोरासमोर. दोन्ही घरं तीर्थोपाध्यांची. कुठल्या गावचा यजमान कुणाकडे उतरायचा, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. चार पावसाळ्यांमागं खानदेशातले एक जमीनदार वडिलांच्या अस्थी घेऊन मोटारीतून आले. मोटार गल्लीत येऊन जी बसली ती बसलीच. ढकलून झाली, नवस बोलून झाले. शेवटी रामकुंडावर त्यांनी, वैतागून म्हणा की भक्तीनं म्हणा, हातावर पाणी सोडलं – वडिलांची आवडती वस्तू, आमच्या उपाध्यांना दान – आणि टांगा करून स्टेशन गाठलं.

पण उपाध्ये कोण? त्या घराण्याचं जुनं गाव भागीबाईंच्या घराकडं, आणि नवं गाव ढुंढिराजांकडं. यजमान पडला भिडस्त. विधीला त्यानं दोन्हीकडचे बसवले होते. पुन्हा विचारायला गेलं असतं तर दोघांनाही "तुमचीच" म्हणून मोकळा झाला असता. मोटार राहिली दोन दारांच्या मध्ये. चाकं बसली, पत्र्याला गंज चढला, पायरीखाली आघाडा उगवला.

हक्क राखायचा तर वहिवाट पाहिजे, एवढं भागीबाईंना शाळेत न जाताही कळत होतं. दानाच्या वस्तूची वहिवाट म्हणजे पूजा. रोज सकाळी मोटारीच्या नाकाला हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर गल्ली साक्ष देईल. पण कुंकू लावणार कोण? नवरा जाऊन सहा वर्षं झालेली; त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावायचा नव्हता. घरात मुलगा नाही. विधींना त्र्यंबकेश्वराहून दीर यायचे, तेही कामापुरते. राहिली मुलगी, श्यामला. तिलाच पाठवलं.

समोरच्या घरी बाईमाणूसच नव्हतं. तिकडून तांब्या घेऊन ढुंढिराजांचा मुलगा वेणीमाधव यायचा आणि मोटारीवर पाणी घालून, स्वतःच्या पंच्यानं काच पुसायचा.

पहिलं वर्ष दोघं बोलली नाहीत. दुसऱ्या वर्षी भागीबाई जाळीच्या खिडकीमागं जप करत बसल्या असताना त्यांना ऐकू आलं –

"आज कुंकू डावीकडं लागलंय तुमचं."

"तुम्ही काच पुसा. कुंकवाकडं बघायचं काम नाही तुमचं."

"काच पुसली की समोरचं दिसणारच ना."

"लहानपणी मला श्यामे म्हणून हाक मारायचात. आता एकदम 'तुमचं'?"

"शत्रूशी अदबीनं बोलावं लागतं..."

भागीबाईंनी माळ जोरात ओढली. बाहेर आवाज थांबला. मोटारीचा रबरी भोंगा तेवढा वाजला. पों. पूजा झाली की वेणीमाधव तो एकदा दाबायचा. देवळात घंटा वाजवतात तसा, असं त्याचं म्हणणं. मात्र त्या आवाजानं श्यामलाच्या गालावर जे उमटायचं, ते देवळातून येताना कुणाच्या गालावर भागीबाईंनी पाहिलं नव्हतं.

गेल्या श्रावणात तर कहरच झाला. पूजा चालू असताना सर आली. वेणीमाधव मोटारीत शिरला आणि मागचं दार त्यानं आतून उघडून धरलं.

"या. भिजाल."

"परक्याच्या गाडीत मी बसत नाही."

"परक्याच्या? म्हणजे गाडी आमची, कबूल?"

श्यामला पागोळीखाली क्षणभर थांबली. मग मानेला एक झटका देऊन चढली आणि मागच्या बाकावर बसली. तो पुढं, ती मागं. टपातून पाणी गळत होतं. त्यानं तांब्या मागं दिला. तिनं तो मांडीवर गळतीखाली धरला. थेंब तांब्यात पडत होते, टप्... टप्... आणि दोघं एकाच दिशेला बघत, हळू आवाजात काहीतरी बोलत होती.

भागीबाई खिडकीत उभ्या. हाक मारून बाहेर बोलवावं, तर गाडी आपली नाही असं गल्लीदेखत कबूल केल्यासारखं होणार. गप्प बसावं, तर पोर समोर हसतेय. त्या गप्प बसल्या. त्यांचा स्वतःचा संसार बारा वर्षांचा. त्यात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोललेलं काही आठवतंय का, म्हणून त्यांनी मनात शोधून पाहिलं. "पाणी तापलं", "पान वाढलंय"... सापडलं ते एवढंच. सर थांबेपर्यंत त्या खिडकीतून हलल्या नाहीत. जप तसाच राहिला.

फाल्गुनात दवंडी पिटली. सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्ते मोकळे करायचेत. ज्याची मोटार त्यानं हलवावी. तंटा असेल तर ती सरळ मोडीत जाईल. त्याच आठवड्यात दिरांचा निरोप आला, की श्यामलाला बघायला त्र्यंबकची माणसं येतायत, स्थळ चांगलं आहे, नाही म्हणू नका. भागीबाईंनी ते श्यामलाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी मुलगी नुसतं "बरं" म्हणाली, ते भागीबाईंच्या घशाखाली उतरलं नाही.

दुसऱ्या सकाळी जाळीमागं माळ हातात होती, पण मणी पुढं सरकत नव्हता.

"मोटार गेली की मी सकाळी इथं कशाला येऊ?" श्यामला म्हणाली.

"मी येईन. काकूंच्या गुडघ्याची चौकशी करायला."

"थट्टा नको. त्र्यंबकची माणसं येतायत मला बघायला."

काचेवरचा पंचा थांबला.

"मग... तू काय सांगणार?"

"मला कोण विचारतंय? आईला सांगणारं माणूस पाहिजे कुणीतरी."

"काकूंना? त्यांच्यासमोर माझ्या घशाला कोरड पडते गं."

"मग बसा काच पुसत," ती म्हणाली, आणि कुंकू न लावताच आत आली.

त्या दिवशी भोंगा वाजला नाही.

दोन दिवसांनी मुकादम भिमाजी बैलजोडी आणि दोरखंड घेऊन गल्लीत आला. सगळी गल्ली ओट्यावर जमली. श्यामला शेवटचं फूल वाहायला म्हणून मोटारीपाशी उभी.

"बोला, गाडी कुणाची हाय?" भिमाजीनं विचारलं.

"आमची," भागीबाई म्हणाल्या.

"आमची," ढुंढिराज म्हणाले.

"मंग झालं. मोडीत घालतो."

"थांबा," वेणीमाधव पुढं आला. "गाडी काकूंची आहे. आमचा हक्क नाही तिच्यावर."

"वेण्या, शुद्धीवर आहेस का?" ढुंढिराज ओरडले.

"आहे, बाबा."

भागीबाईंना आनंद व्हायला हवा होता. चार वर्षांचा दावा जिंकला होता. पण भरलेली समजून सारं बळ लावून उचललेली घागर रिकामी निघावी, तसं त्यांना झालं.

"का रे? विधवा बाई म्हणून दया करतोस?"

"दया नाही, काकू. हा तंटा असेतो मी समोरच्या दारातला. तो मिटला तर... तुमच्या दारात येऊन काही मागता येईल."

"काय मागायचंय?"

त्यानं तोंड उघडलं. शब्द येईना. हातातल्या पंच्याचा पीळ झाला. एवढ्यात श्यामलानं मोटारीत हात घालून भोंगा दाबला. जुनं रबर नेमकं आत्ताच तडकलं. पों न वाजता नुसतं फुस्स झालं. गल्ली हसली. वेणीमाधवही हसला, आणि त्या हसण्यातच त्याच्या तोंडून निघून गेलं –

"श्यामला."

हसणं थांबलं. श्यामलानं मान खाली घातली, पण भोंग्यावरचा हात काढला नाही.

भागीबाई ओटा उतरून मोटारीपाशी गेल्या. मोटारीच्या नाकावर चार वर्षांचं कुंकू थरावर थर बसलं होतं. गंज कुठला आणि कुंकू कुठलं, आता ओळखू येत नव्हतं. समोरच्यांचं गोत्र वेगळं, हे त्यांना ठाऊक होतं. श्रावणातल्या त्या दिवसापासून दोनतीनदा ते मनात येऊन गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःलाच दटावलं होतं.

"भिमाजी," त्या म्हणाल्या, "दान दोन्ही घरांचं होतं. घेऊन जा. तो भोंगा तेवढा काढून माझ्या मुलीला दे."

"आणि हक्काचं काय, वहिनी?" ढुंढिराजांनी विचारलं.

"त्याचं मानपानाच्या वेळी बघू, भावजी. तिथं मी तुम्हाला सोडणार नाही. त्र्यंबकला निरोप धाडायचाय मला आधी, येऊ नका म्हणून."

ढुंढिराजांनी मुलाकडं पाहिलं, आणि बाजूला होऊन बैलांना वाट करून दिली. बैलांनी ओढ घेतली. चाकं करकरली, आणि गल्ली एकदम रुंद झाली. एका दारातून दुसऱ्या दारात सरळ दिसायला लागलं.

मग भागीबाई वेणीमाधवकडं वळल्या.

"आणि तू. चार वर्षं बघतेय तुला. भांडणात तू अगदी कुचकामी आहेस. पण आमच्या घरी भांडायला मी आहे, ही आहे, तिसरं माणूस नकोच आहे. जावई म्हणून चालशील. आणि उद्यापासून गुडघ्याची चौकशी रस्त्यावरनं करायची नाही. आत येऊन करायची."