ऊबपट्टी

समुद्रभिंतीवरच्या पाणबुड्यांना वरिष्ठांची शाबासकी आता कानांनी नव्हे, मनगटाने कळत असे. तुकडीप्रमुखाच्या कपाळावर एक बारीक पट्टा असायचा. एखाद्याविषयी मेंदूत भरवसा उमटला की पट्टा तो टिपायचा आणि त्या माणसाच्या मनगटावरची ‘ऊबपट्टी’ कोमट व्हायची. भरवसा डळमळला की गार. तोंडदेखल्या कौतुकाला विटलेल्या कामगारांनी हे यंत्र डोक्यावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर कामही सुधारलं.

गाडं अडलं ते नितेश वैतीपाशी. तुकडीतला सर्वांत धीट पाणबुड्या. पण तो पाण्यात उतरला की त्याची पट्टी गारठायची आणि त्याचं लक्ष कामावरून उडायचं. मागच्या आठवड्यात तर तो भिंतीच्या तळाशी पाणी सोडणाऱ्या झडपेत सापडता सापडता वाचला.

“ताई, भरवसा नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडे काम बघतो,” तो तुकडीप्रमुख इंदुमती तांडेलला म्हणाला.

“अरे वेड्या, भरवसा आहे म्हणून तर अवघड काम तुला देते! काळजी वाटते रे तुझी, एवढंच.”

“तोंडाने काय, कोणीही बोलतं.” त्याने मनगट पुढे केलं. “ही खोटं बोलत नाही.”

इंदुमतीला रडूच फुटलं. तिने तडक पट्टीचे जनक डॉ. हेरंब साठ्ये यांना गाठलं.

“डॉक्टर, तुमचं यंत्र माझ्या काळजीला अविश्वास समजतंय.”

“यंत्राचा दोष नाही, तांडेलबाई. ‘याला जमेल ना? याचं काही वाईट तर होणार नाही?’ ही शंका मेंदूत एकाच जागी उठते. ती मायेपोटी आली की संशयापोटी, हे त्या जागेला कळत नाही.”

“मग दोन्ही वेगळं करा.”

“ते जमत नाही. गोळीने ती जागा निजवता येते. पण मग काळजीही जाईल. नीट विचार करा.”

“माझ्या काळजीनेच त्याचा जीव जायचा असेल, तर काय करायचीय ती?” इंदुमतीने गोळ्या घेतल्या.

काही दिवसांनी ऐन उधाणात झडप तुंबली. नितेश खाली उतरला तो रमलाच. पडद्यावर त्याच्या हवेचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला.

“ताई, हवा संपत आली त्याची. वर बोलवा!” त्याचा जोडीदार कमळाकर ओरडला.

“येईल तो,” इंदुमती म्हणाली, आणि चहाचा घोट घेतला.

शेवटी कमळाकरनेच उडी मारून त्याला ओढून काढलं. ओठ निळे पडले होते, तरी नितेश हसत होता. “झडप मोकळी केली, ताई. एकदाही गार लागलं नाही. एवढा भरवसा माझ्या बापानेही टाकला नव्हता.”

इंदुमती त्याच्याकडे बघत राहिली. तो परत आल्याचा आनंद होईल म्हणून तिने वाट पाहिली. पण नितेश परत येणार नाही असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. आनंद व्हायचा कुठून?

“उद्या त्याच्याही खालची झडप करशील?” तिने विचारलं.

“तुम्ही म्हणाल तिथे जाईन,” नितेश म्हणाला.