जिन्यात अडकलेली साखर

जुईलीच्या गरोदर आईनं तीन आठवडे साखरेचा दाणा जिभेवर ठेवला नव्हता. चहा बिनसाखरेचा, आणि सणाची पुरणपोळी नुसती हुंगून परत. तरी तिच्या दंडावरची चकती (रक्तातली साखर सतत मोजणारं रुपयाएवढं यंत्र) रोज सकाळी लाल व्हायची. मग साखर येत होती कुठून?

तनूआजीकडे उत्तर तयार होतं. ही बाबांची आत्या, आणि त्यांच्या इचलकरंजीतल्या तेरा मजली इमारतीची बिनपगारी न्यायाधीश. तिनं निकाल दिला, सूनबाई चोरून खाते. लगेच साखरेच्या डब्यावर पहारा बसला, तोही शेवंताचा. शेवंता म्हणजे आईची काळजी घ्यायला दवाखान्यानं पाठवलेली यंत्रमानव नर्स. दोन दिवस ती डब्यासमोर खांबासारखी उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिनं अहवाल दिला. डब्यातून बारा चमचे साखर गेली होती, बाराही तनूआजींच्या चहात.

जुईलीला हसू आलं नाही. दहा वर्षांच्या पोरीच्या अंगात मावणार नाही एवढा राग तिला आला होता. आई हल्ली मान खाली घालून जेवायची, पकडलेल्या चोरासारखी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की रविवारपर्यंत आकडे उतरले नाहीत तर इन्सुलिनची सुई सुरू करू. सुईला भ्यायचं कारण नाही, पण साखर चढीच राहिली तर बाळाला त्रास होईल. आजीनं यातलं सोयीचं तेवढं उचललं आणि तेराही मजल्यांवर सांगून आली की पोरीला खाण्याचा सोस, आता भोगतेय.

आणि शनिवारी डोहाळजेवण कुणी घातलं? आजीनंच. श्रीखंड, करंज्या, रव्याचे लाडू, गुलाबजाम. जुईलीनं विचारलं तर म्हणाली, दोन जिवांची बाई, दोघांचं खायला नको? म्हणजे शुक्रवारपर्यंत आई खाल्लं म्हणून गुन्हेगार, आणि शनिवारी खात नाही म्हणून.

चाळीस बायका आल्या. घरात मावेनात, म्हणून शेजारच्या पाच घरांतही पंगती मांडल्या. त्या इमारतीची दारं कानाची होती. घंटी ऐकली की आपोआप उघडायची. पण आजीनं हौसेनं जिन्यात भोंगा लावून डोहाळगीतं सोडली होती, इतकी मोठ्यानं की दारांना घंटी ऐकूच येईना. दहादा वाजवावी तेव्हा एखादं दार बोटभर किलकिलं व्हायचं.

ताटं घेतलेल्या बायका दारांशी खोळंबल्या आणि खालून नव्या चढतच राहिल्या. एकीचं श्रीखंड दुसरीच्या अंबाड्यात गेलं. एक गुलाबजाम पायऱ्या मोजत तळमजल्याला पोचला. आणि या सगळ्या चेंगराचेंगरीच्या मधोमध आई, फुलांचे दागिने घालून, घामानं निथळत. ना वर जाता येतंय, ना खाली.

शेवंतानं लांब हात बायकांच्या डोक्यांवरून नेऊन आईखाली खुर्ची सरकवली. जुईलीनं भोंग्याची वायर उपटली.

"बरं केलंस," शेवंता म्हणाली. "तुझ्या आईच्या आत हेच चाललंय. हा जिना म्हणजे रक्त आणि या बायका म्हणजे साखर."

बायकांना ते फारसं आवडलं नाही.

"घरं म्हणजे पेशी. साखर तिथं पोचली तर शरीराला ताकद मिळते. घंटी म्हणजे इन्सुलिन (पोटातल्या स्वादुपिंडात तयार होणारं, पेशींना साखर आत घ्यायला सांगणारं द्रव्य)."

"आणि भोंगा?" जुईलीनं विचारलं.

"वार (बाळाला आईकडून अन्न पोचवणारा अवयव). दिवस भरत जातात तशी वार वाढते आणि तिच्या स्रावांमुळे पेशींना घंटी नीट ऐकू येत नाही. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त घंट्या वाजवून निभावतं. काहींचं पुरं पडत नाही."

पण आईनं साखर खाल्लीच नव्हती, जुईली हट्टाला पेटली. शेवंतानं समजावलं की भाकरी आणि भात पचल्यावरही साखरच होते. शिवाय रात्री पोट रिकामं असताना यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, आणि त्यालाही घंटी नीट ऐकू येत नसल्यानं सोडतच राहतं, म्हणून चकती सकाळी लाल. वारेतून ही जादा साखर बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचंच इन्सुलिन खूप बनवतं आणि साखरेची चरबी करून वाजवीपेक्षा मोठं होतं. जन्मल्यावर आईची साखर थांबते, बाळाच्या घंट्या मात्र वाजतच राहतात, आणि त्याची साखर झपकन खाली येते.

जुईली आजीकडे वळली. आजी दोन शेजारणींच्या मध्ये लाडवांचं ताट डोक्यावर धरून अडकली होती.

"आजी, माझी आई चोर नाही. तू तेरा मजल्यांवर खोटं सांगितलंस."

"मग काय उपाशी ठेवू हिला?" आजीचा आवाज बसला होता.

उपाशी तर मुळीच नाही, शेवंता म्हणाली. थोडं थोडं, वेळच्या वेळी. अर्धी भाकरी, मटकीची उसळ, भाजी, ताक. आणि जेवल्यावर सावकाश चालायचं, कारण चालताना स्नायू फार घंट्या न वाजवताही साखर आत घेतात. तरीही भागलं नाही तर बाहेरून इन्सुलिन, म्हणजे उसन्या घंट्या.

आई तेवढंच जेवली आणि अंगणात फेऱ्या मारायला निघाली. दोन तासांनी चकती हिरवी झाली. सकाळी मात्र ती पुन्हा लाल होती, आणि डॉक्टरीणबाईंनी झोपतानाची सुई सुरू केली. या वेळी आईनं मान खाली घातली नाही.

जुईलीचा राग काही उतरला नव्हता. रविवारी संध्याकाळी तिनं आजीला जिन्यात उभं केलं. जिथं जिथं सांगितलंस तिथं तिथं परत सांग, आणि लिफ्ट नाही. आई अंगणात चालत होती आणि वरून एकेका मजल्याच्या गॅलरीतून धापा टाकणारा आवाज येत होता, "चूक सुनेची नाही हो. वारेमुळं होतं. मला कळत नव्हतं."

सातव्या मजल्याला आईला हसू फुटलं. पोटातल्या बाळानंही एक लाथ मारली.

काहींचंच स्वादुपिंड कमी का पडतं, जुईलीनं बरोबर जिना चढणाऱ्या शेवंताला विचारलं. ते अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही, शेवंता म्हणाली.

"मग मी शोधते," जुईली म्हणाली, आणि आठव्या मजल्याकडे बोट दाखवून आजीला म्हणाली, "चल."