अकरा बेचाळीसचं गणित

सिझेरियनची वेळ डॉक्टर ठरवतात असं तेलंगणातल्या जगित्यालमध्ये कुणी म्हणालं, तर लोक त्याला वेड्यात काढतील. सुरी डॉक्टरांची, मिनिट ज्योतिषी राघवाचारी अय्यगारूंचं. संगणक दुरुस्त करणाऱ्या श्रीशैलमचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. पण स्वरूपाशी लग्न होऊन नऊ वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलणार म्हटल्यावर तोही मुकाट्याने जाऊन वेळ घेऊन आला. गुरुवार, सकाळी अकरा बेचाळीस.

त्या गुरुवारी तो दवाखान्याच्या बाकावर पाय हलवत बसला असताना अय्यगारूंचा फोन आला. त्यांचा संगणक पहाटेपासून गोगलगाय झाला होता आणि ओसरीवर माणसं खोळंबली होती. सासू राजव्वाने त्याला अक्षरशः पिटाळलं. पुरुषांनी येरझाऱ्या घातल्याने बाळं लवकर होत नाहीत, म्हणाली. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, काम अर्ध्या तासाचं. तो गेला.

खोलीत कापराचा वास होता, आणि त्याखाली तापलेल्या यंत्राचा. आतला पंखा धाप लागल्यासारखा घरघरत होता. चालू कामांची यादी उघडायलाच पाच मिनिटं लागली. पडद्यावर एकही खिडकी उघडी नव्हती. पण मागे, कुणाला न दिसता, पत्रिकेच्या सॉफ्टवेअरचा गणित करणारा भाग चालू होता. एकदा नव्हे, एकोणचाळीस वेळा. उत्तर येत नव्हतं म्हणून तेच गणित पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत होतं, आणि यंत्राचं सगळं बळ त्यातच जात होतं.

असलं त्याने शंभरदा पाहिलं होतं. त्याने एकेक काम बंद केलं. एक बंद केलं की दुसरं हजर. इंटरनेटची वायर काढली, व्हायरस शोधला, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. यादी रिकामी दिसली. मग एक आलं, दोन आली, आणि बघता बघता चाळीस झाली.

आता हे गणित तरी कुणाचं, म्हणून त्याने त्याला पुरवलेली माहिती उघडली. तारीख आजची. जन्मस्थळ जगित्याल. अपत्य मुलगी. आईचं नाव स्वरूपा. वेळ अकरा बेचाळीस.

आधी त्याला रागच आला. अय्यगारूंनी आपल्या माघारी हे उद्योग केले, असंच वाटलं. त्याने विचारलं तेव्हा म्हातारा चष्मा पुसत पडद्याजवळ आला.

"पोटातल्या बाळाची पत्रिका मांडू नये, हे तू मला शिकवणार? तुझी वेळ मी पंचांग बघून हाताने काढली. या डब्याला बोटसुद्धा लावलं नाही." मग हळूच म्हणाले, "आणि मुलगी... हे कुणी सांगितलं रे तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

श्रीशैलमने स्वतः वेळ घालून पाहिली. अकरा एक्केचाळीस. पापणी लवायच्या आत पान भरलं, एक्याऐंशी वर्षांचं आयुष्य. अकरा त्रेचाळीस. तेही भरलं. अकरा बेचाळीस घातली आणि बाण थिजला. यादीत एकाची भर पडली. त्याने तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

"एखाद्या आकड्यावर अडकतं गणित," तो म्हणाला. "सॉफ्टवेअरचा दोष आहे." आपण हे अय्यगारूंना सांगतोय की स्वतःला, ते त्याला कळेना. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. त्याची पाचावर धारण बसली होती, आणि भ्यायचं नक्की कशाला तेच उमजत नव्हतं.

"अय्यगारू, वेळ बदला ना... तुमचंच ऐकतील ते."

तीस वर्षांत दिलेली वेळ या माणसाने कधी मागे घेतली नव्हती. त्यांनी पंचांग मिटून बाजूला ठेवलं. मग त्यांनी स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. "मुहूर्त चुकला माझा. थांबू नका... आत्ता काढा बाळाला."

श्रीशैलम धावत दवाखान्यात पोचला. अकरा तीनला मुलगी झाली. नाळेचे दोन घट्ट वेढे गळ्याभोवती होते. आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो बाकावर बसून हुंदके देऊन रडला, आणि राजव्वाने पहिल्यांदाच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

स्वरूपाला वॉर्डात आणलं. नर्सने मागचं शस्त्रक्रियागृह धुऊन कुलूप लावलं. श्रीशैलम मुलीला छातीशी धरून उभा होता. ती मूठ गालाला लावून गाढ झोपली होती. तेवढ्यात, बरोबर अकरा बेचाळीसला, फोन वाजला.

"यंत्र ठीक झालं," अय्यगारू म्हणाले. त्यांचा आवाज कसातरीच येत होता. "सगळी कामं एकदम संपली. आत्ताच... अकरा बेचाळीसचं उत्तर आलं, श्रीशैलम. पान भरलंय. मुलगीच आहे... आई स्वरूपाच."

त्याने काही विचारायच्या आत कुलूपबंद दाराआडून तान्हं बाळ रडायला लागलं. नर्सने हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्या छातीशी असलेल्या बाळाकडे. आज दुसरं ऑपरेशन नव्हतं ना, असं राजव्वाने विचारलं. नव्हतं, असं नर्स म्हणाली.

खाटेवर स्वरूपाने अर्धवट गुंगीत दाराकडे मान वळवली. पान्हा फुटून तिचं पोलकं भिजलं होतं.

"भूक लागलीय तिला," ती म्हणाली. "आणा ना तिला बाहेर... मघापासून हाका मारतेय मला."