आठ मेगाबाइट

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नंतर जमणार नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय हे, आणि शेवटाला मी तिथे हजर होते. रात्रबित्र काही नाही, लख्ख दुपार. रविवार.

मामा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मामी घरच्या जुन्या मशीनवर टायपिंगची कामं करायची. तिला जाऊन सहा महिने झाले होते. आजार कळला आणि आठवड्यात ती गेली, असं मामाला वाटत होतं. एकच प्रश्न त्याला पोखरायचा. एवढं दुखत असताना ती बोलली का नाही?

त्या रविवारी त्याने तिचं मशीन उघडलं. सहा महिने त्याची वायरसुद्धा लावलेली नव्हती.

जुन्या मशीनमध्ये चित्र दाखवायला वेगळी मेमरी नसायची. डिस्प्ले मशीनच्याच मेमरीतला तुकडा घ्यायचा. १२८ मेगाबाइटची मेमरीची पट्टी घातली तरी मशीन सुरू होतानाची मोजणी १२० च दाखवायची. आठ डिस्प्लेचे. मामाने स्वतःच ते ठरवून दिलं होतं.

मशीन सुरू झालं. मोजणी थांबली...

९६.

"आयला, बाकीची कोणी खाल्ली?"

आणि क्षणभर स्क्रीनवर एक ओळ झळकली...

'वन्सं, रिपोर्ट आला.'

मामा आधी हसला. आधीचं चित्र मेमरीत पुसायचं राहिलं की रिस्टार्टला असं दिसतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग त्याचं हसू विरलं. वीज बंद झाली की ती मेमरी कोरी होते. इथे तर सहा महिने वीज नव्हती.

त्याने पट्टी काढली. पाकीट फोडून १२८ चीच कोरी करकरीत पट्टी बसवली.

६४.

'वन्सं, रिपोर्ट आला. ह्यांना कळू देऊ नका. तुम्हाला माझी शपथ.'

मामीला वन्सं एकच. माझी आई.

मामाचा फोन आला तशा आम्ही दोघी धावत गेलो. त्याने आईला बस म्हटलं नाही.

"ताई, तुला कधीपासून माहीत होतं?"

त्याने कागदावर उतरवून घेतलेली ती ओळ आईने वाचली.

"ती जायच्या आठ महिने आधीपासून. अरे, तिने शपथ घातली होती..."

"मी तिला ऍसिडिटीच्या गोळ्या आणून देत होतो गं!" मामा ओरडला. "आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या? केसाने गळा कापलात माझा!"

आई रडत होती. "बंद कर ते. पुढचं वाचू नकोस. तिने छापून दिलेलं ते पत्र मी तेव्हाच जाळलंय."

मामा तिचं कशाला ऐकतोय? त्याने पुन्हा रिस्टार्ट केलं.

मोजणी थांबली... ८.

बाकीचे १२० स्क्रीनने गिळले होते. एवढ्यात मशीन चालूच शकत नाही. पण स्क्रीन भरून पत्र आलं, आणि या वेळी ते गेलं नाही.

'दोनदा ह्यांना सांगायला गेले. दोन्ही वेळा मशीन उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, थांब जरा, आत्ता नको. आता सांगावंसंच वाटत नाही.'

मामाने मशीनची आणि स्क्रीनची, विजेच्या दोन्ही वायरी उपटल्या.

मशीनच्या आतला पंखा फिरतच राहिला...

एकेक ओळ पुसली गेली. शेवटी चारच शब्द उरले.

'थांब जरा, आत्ता नको.'

ते विझायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मामाने त्यानंतर कुठलंच मशीन उघडलं नाही. आईशी तो अजून बोलत नाही. स्वतःशी तरी बोलतो का, देव जाणे.

मशीन आमच्या माळ्यावर आहे. पट्टी मी काढून घेतली आहे.

परवा दुपारी मी काम करत होते. आईने दारातून हाक मारली.

"थांब ना जरा, आत्ता नको," मी म्हणाले. मान वर केली नाही.

आणि माळ्यावर त्या मशीनचा पंखा घरघरायला लागला...

मी धावत बाहेर आले. आई परत निघाली होती. तिच्या हातात रिपोर्टचं पाकीट होतं.