गालिच्यावरचा आळ

चैत्रालीच्या धाकट्या भावाच्या, ओजसच्या तापाचा आज पाचवा दिवस होता. ताप कशामुळे आला हे कुणालाच माहीत नव्हतं, पण पवनपठार वसाहतीने गुन्हेगार मात्र पकडलासुद्धा होता. गुन्हेगार होता चैत्रालीच्या घरातला लाल गालिचा, आणि त्याची साथीदार म्हणून उभी केली होती चैत्रालीची आई.

चैत्रालीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

साताऱ्याच्या डोंगरांवर तेव्हा मनोऱ्याएवढ्या उंच पवनचक्क्या फिरत असत आणि त्यांची देखभाल करणारी माणसं पठारावरच राहत. हिवाळ्यात तिथे हाडं गोठत, म्हणून प्रत्येक घरात जाडजूड गालिचा अंथरलेला. चैत्रालीचे बाबा कोकणाच्या समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्या दुरुस्त करायला गेले होते आणि त्यांचा फोन काही लागत नव्हता. आता वडीलधारं माणूस म्हणजे शेजारच्या घरात राहणाऱ्या मोठ्या काकू, आईच्या थोरल्या जाऊबाई. आणि काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सकाळी गोदाक्का येऊन ओजसला तपासून गेली होती. गोदाक्का म्हणजे आरोग्यकेंद्रातली यंत्रपरिचारिका (रुग्णांची काळजी घेणारा रोबो). चार वर्षांच्या ओजसचे डोळे लालभडक झाले होते, ओठ फुटले होते, जिभेवर लाल दाणे उठले होते, तळहात सुजले होते आणि अंगभर पुरळ होतं.

“मला कावासाकी आजाराची शंका येते,” गोदाक्का म्हणाली. “क्वचित होतो, पण होतो. यात रक्तवाहिन्यांना सूज येते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सुजून फुगल्या, तर कायमच्या बिघडू शकतात. औषध वेळेत मिळालं तर तो धोका पुष्कळ कमी होतो. आजच साताऱ्याला न्या.”

हवाई रुग्णवाहिका अंगणात येऊन उभी राहिली. आईने फक्त हो म्हणायचं होतं. पण आजाराचं नाव कळल्याबरोबर वसाहतीतल्या रिकामटेकड्यांनी ते शोधलं, कुठला तरी जुनापुराणा संदेश उकरून काढला आणि घराघरातल्या भिंतींवरच्या पडद्यांवर झळकवला: ‘सावधान! गालिचा धुतल्याने मुलांना कावासाकी होतो!’

काकू तरातरा आल्या.

“प्राजक्ता, खरं सांग. गालिचा धुतला हुतास का न्हाई?”

“धुतला होता ताई. घट बसायच्या आधी.”

“बघा! लेकराच्या अंगात साबणाचं इष भिनलंय. आदी त्यो गालिचा जाळा. पोराला माज्या माहेरी न्हिऊ, काढा पाजू. इष उतरलं की ताप आपसूक उतरंल. दवाखान्याचं मागनं बघू.”

आणि आई, जी एरवी वादळातही पवनचक्कीवर चढायला कचरत नसे, ती मान खाली घालून म्हणाली, “माझंच चुकलं.”

ते ऐकलं आणि चैत्राली धावतच आरोग्यकेंद्रात गेली. दार तिने असं आपटलं की फळीवरच्या बाटल्या हादरल्या.

“तू त्यांना सांगत का नाहीस, की गालिच्याने काही होत नाही म्हणून?”

“संदेश पाहिल्याबरोबर फोन करून दोनदा सांगितलं,” गोदाक्का म्हणाली. “मग काकूंनी विचारलं, गालिच्याने नाही तर कशाने झाला? मी म्हटलं, खरं कारण अजून कुणालाच नक्की सापडलेलं नाही. तेव्हा सगळे हसले.”

“मग काहीतरी कारण सांगायचंस!”

“खोटं? तेच तर त्या संदेशाने केलंय. ‘माहीत नाही’ हे उत्तर माणसांना बोचतं. त्यापेक्षा त्यांना चुकीचं उत्तर बरं वाटतं.”

चैत्रालीने हाताच्या मुठी आवळल्या. “पण मग ते गालिच्याचं आलं कुठून?”

“फार वर्षांपूर्वी काही ठिकाणी शास्त्रज्ञांना खरोखरच तशी शंका आली होती. त्यांनी तपास केला. कुठे संबंध दिसला, कुठे अजिबात दिसला नाही. गालिचा धुतल्यामुळे हा आजार होतो, असं कधीच सिद्ध झालं नाही. शंकेची बातमी पसरली, पुढचं कुणी वाचलं नाही.” गोदाक्का तिच्याकडे वळली. “आता तू सांग. काकूंनी आजारी मुलाच्या आईला विचारलं, गालिचा धुतला होतास का. बऱ्या मुलांच्या आयांना हा प्रश्न कुणी विचारला?”

“नाही. त्यांना कशाला विचारतील?”

“का नको विचारायला? शास्त्रज्ञ नेहमी तुलनागट घेतात (म्हणजे ज्यांना आजार झालेला नाही अशी, पण बाकी बाबतींत सारखी माणसं). गालिचा धुतलेल्या घरातली मुलं जास्त आजारी पडतात का, हे दोन्हीकडे विचारल्याशिवाय कळणार कसं?”

चैत्रालीला एकदम आठवलं. घट बसायच्या आधी... त्या आठवड्यात तर पठारावर सगळेच ‘दसरा काढत’ होते. दसरा काढायचा म्हणजे गोधड्यांपासून पातेल्यांपर्यंत घरातलं सगळं बाहेर काढून धुवायचं. अंगणात तर पाय ठेवायला जागा उरली नव्हती!

ती उलट पावली पळाली. अंगणात गालिचा आणून टाकलेला, भोवती अख्खी वसाहत जमलेली. काकू काडेपेटी हातात घेऊन उभ्या.

“थांबा!” चैत्राली ओरडली. “दसरा काढताना ज्यांनी ज्यांनी गालिचा धुतला, त्यांनी हात वर करा!”

कुणी हललं नाही.

“करा ना! माझ्या आईला विचारताना जीभ चालत होती, आता हात का चालत नाही?”

कोपऱ्यातल्या एका बाईने हळूच हात वर केला. मग तिच्या शेजारणीने. मग एकेक करत पठारावरचे जवळजवळ सगळे हात वर गेले.

“काकू, तुमचा?”

काकूंनी काडेपेटीसकट हात वर केला, तोही खांद्यापर्यंतच.

“मग तुमची मुलं ठणठणीत कशी? मीसुद्धा त्याच गालिच्यावर लोळते!”

“येकाद्यालाच बाधतं ते,” काकू पुटपुटल्या.

“तसंही असू शकतं,” मागून आलेली गोदाक्का म्हणाली. “पण ते शोधायला पुष्कळ मुलं तपासावी लागतात. एका मुलावरून ना गालिचा दोषी ठरतो, ना आई. आणि ओजसच्या हृदयाला तेवढा वेळ नाही.”

आईने मान वर केली. हातांच्या त्या गर्दीकडे ती क्षणभर बघत राहिली. मग कुणाला काही न विचारता तिने ओजसला उचललं आणि रुग्णवाहिकेत जाऊन बसली.

साताऱ्यात ओजसला सलाईनमधून प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) दिली. हजारो निरोगी माणसांनी दिलेल्या रक्तातून ती वेगळी काढलेली होती. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. हृदयाच्या वाहिन्याही अजून ठीक दिसत होत्या. पुढे काही काळ मात्र पुन्हा पुन्हा तपासायला यावं लागणार होतं.

तेवढ्यात काकूंचा फोन आला.

“बघितलंस का प्राजक्ता? हिकडं मी काल त्यो गालिचा जाळला, आन् तिकडं पोराचा ताप उतरला!”

चैत्राली फोन हिसकावून घेणार होती. पण आईचा चेहरा लाल झालेला पाहून ती जागीच थांबली.

“ताई, काल तुमच्याकडे पोहेही झाले असतील. मग पोह्यांनी ताप उतरला असं का नाही म्हणत?” आईचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. “माझ्या लेकराचा सोन्यासारखा वेळ तुम्ही खाल्लात. आणि मी खाऊ दिला, याचाच मला जास्त राग येतो. पुन्हा नाही खाऊ देणार.”

आणि तिने फोन ठेवला.

दुपारी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. या आजाराच्या कारणाचा शोध घेणाऱ्या गटात त्या होत्या. ओजसच्या रक्ताचा थेंब आणि घराची माहिती त्यांना हवी होती. पाणी कुठलं, घरात आधी कुणाला सर्दी झाली होती का, गालिचा...

“बऱ्या मुलांना पण विचारता ना?” चैत्राली उसळून म्हणाली.

“विचारायचं असतं ग,” डॉक्टरीणबाई हसल्या. “पण तीच मिळत नाहीत. मूल बरं असलं की इथे कोण कशाला येईल?”

चैत्रालीने बाही कोपराच्या वर सारली आणि हात पुढे केला.

“मी बरी आहे. घ्या रक्त. आणि आमच्या पठारावर अशी ढीगभर पोरं आहेत. कशी येत नाहीत तेच बघते!”